वापरलेल्या इंजिन ऑइलमधली झीज एक्सआरएफवर मोजताना

एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरण टाकून तेलातले धातू मोजणारं मशीन. माझ्या मशीनच्या फिरत्या थाळीत आठ कपांची जागा आहे, म्हणून मी आठ नमुने एका दमात ओतले, झाकण लावलं आणि जेवायला गेले. परत येऊन आकडे बघितले. पहिल्या कपात लोखंड ४४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४४ भाग, आठव्यात १३२. आठवा नमुना ऊसवाहतुकीच्या एका ट्रॅक्टरचा होता. मी मालकांना फोन करून सांगितलं, "दादा, लोखंड फार चढलंय. बेअरिंग बघून घ्या." ऐन गळीत हंगामात त्यांनी ट्रॅक्टर तीन दिवस उभा केला. मिस्त्रीनं इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, बेअरिंगचे शेल काढून उजेडात धरले. झीज होती, पण इंजिनाच्या वयाला शोभेल एवढीच.

दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतलं उरलेलं तेल मी गरम केलं, नीट हलवलं आणि ओतल्या ओतल्या मशीनला लावलं. आकडा आला ६८.

तेल तेच, मशीन तेच, कपही तसाच. फरक एवढाच की आठव्या कपाची पाळी येईपर्यंत तो जवळजवळ तासभर थाळीत बसून होता. माझं मशीन कपाच्या तळातून बघतं. त्या तासाभरात तेलातले लोखंडाचे कण तळाच्या पडद्यावर बसले आणि मशीननं इमानदारीनं तो गाळ मोजला. मिस्त्रीची मजुरी आणि गॅस्केटचे पैसे मी दिले. तीन दिवसांचं बुडालेलं भाडं मला भरून देता आलं नाही, ते अजून मनात आहे. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या आठव्या कपानं शिकवलेलं आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत दोन खोल्यांची छोटी प्रयोगशाळा चालवते. टेबलावरचं एक एक्सआरएफ मशीन, चार दशांशांचा तराजू, एक ओव्हन, गाळणीचा संच एवढंच सामान. नमुने येतात ते ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी आणि कारखान्यांच्या जनरेटरचे. वडील इंजिनाचे फिटर होते. ते डिपस्टिकवरचं ऑइल अंगठा आणि बोट यांच्यात चोळून सांगायचे, "कण लागतोय." बोटाला लागतो तो कण फार मोठा असतो. तो लागेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी, धातू दहा लाखांत वीस-तीस भाग असतानाच तो दिसावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

मशीन काय बघतं, काय बघत नाही

सराफाच्या दुकानातलं टंच काढायचं मशीन बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं. दागिना खिडकीवर ठेवला की थोड्या वेळात सोनं, चांदी, तांबं यांचे टक्के पडद्यावर येतात. माझं मशीन त्याच जातीचं. नळीतून निघालेले क्ष-किरण तेलावर पडतात, धातूच्या अणूच्या आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन त्याच्या जागी उतरतो आणि उतरताना उरलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा ज्या त्या मूलद्रव्याची ठरलेली असते. ती अणुक्रमांकाबरोबर कशी नियमानं वाढत जाते हे हेन्री मोस्लीनं १९१३ मध्ये दाखवलं. किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे केईव्हीमध्ये सांगायचं तर क्रोमियम ५.४१, लोखंड ६.४०, निकेल ७.४८, तांबं ८.०५, जस्त ८.६४. शिशाची आपल्या कामाची रेषा, म्हणजे ठरलेल्या ऊर्जेचा किरण, १०.५५ वर येते. हे आकडे पाठ झाले की पडद्यावरचा आलेख वाचता येतो, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचाच. सॉफ्टवेअरनं दिलेला तक्ता नंतर.

सराफाचं मशीन मात्र उचलून तेलाला लावू नका. ते टक्क्यांत बघतं. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, आणि आपल्याला १० पीपीएम तांबं शोधायचं असतं. त्यातून तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. अशी हलकी द्रव्यं क्ष-किरण शोषण्यापेक्षा विखुरतात जास्त, त्यामुळे आलेखाची जमीनच वर उचललेली असते. तेलासाठी सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर (जवळजवळच्या ऊर्जांचे किरण वेगळे ओळखणारा) असलेलं मशीन हवं आणि त्यावर तेलाचं स्वतंत्र कॅलिब्रेशन हवं, म्हणजे धातूचं प्रमाण माहीत असलेल्या तेलावर मशीन जुळवून घेतलेलं हवं.

हलक्या मूलद्रव्यांची गोष्ट आणखी अवघड. ॲल्युमिनियमचा किरण १.४९ केईव्हीचा आणि सिलिकॉनचा १.७४ चा. इतका दुबळा किरण तेलात, कपाच्या पडद्यात आणि मधल्या हवेतच संपतो. मशीनमध्ये हेलियम सोडला तर हवेचा अडसर जातो, बाकीचे दोन राहतात. माझ्या मशीनवर ३०० सेकंदांत लोखंड, तांबं आणि शिसं २ ते ३ पीपीएमपर्यंत भरवशानं दिसतं. ॲल्युमिनियम मात्र हेलियम चालू असतानाही ५० च्या खाली असेल तर मी आकडा लिहीत नाही, "आढळलं नाही" असंच लिहिते. सोडियम, बोरॉन, लिथियम यांच्यासाठी हे मशीन उपयोगाचं नाही. ज्याला पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा बारीक आकडा हवाच असेल त्यानं आयसीपी (आर्गॉनच्या अतितप्त ज्योतीत तेल फवारून धातू मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. मी स्वतः तसं सांगते.

मग एक्सआरएफ का? कारण तेल विरघळवायला, जाळायला लागत नाही. आर्गॉनची नळकांडी लागत नाहीत. आणि आयसीपीच्या फवाऱ्यातून साधारण ५ मायक्रॉनच्या वरचे कण नीट ज्योतीपर्यंत पोचतच नाहीत. इंजिन खरोखर बिघडायला लागतं तेव्हा मोठे कण सुटतात. एक्सआरएफला तेही दिसतात, फक्त ते कुठं बसलेत याचं भान ठेवावं लागतं.

नमुना काढताना

इंजिन गरम पाहिजे. काम करून आलेलं किंवा बंद करून दहा-पंधरा मिनिटांच्या आतलं. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचं सकाळी काढलेलं तेल माझ्याकडे आणू नका. त्यातले कण चेंबरच्या तळाशी राहिलेले असतात.

सगळ्यांत चांगलं म्हणजे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपानं ओढणं. प्लास्टिकची नवी नळी घ्या, ती डिपस्टिकला लावून मापा आणि तळाला टेकणार नाही अशी कापा. तळाला टेकली की वर्षानुवर्षांचा गाळ येतो. पंप नसेल तर ऑइल बदलताना चेंबरचं नट काढा, पहिलं लिटरभर जाऊ द्या आणि मधल्या धारेखाली बाटली धरा. पहिली धार नको, शेवटची तर नकोच. टॉपअप करायचा असेल तर नमुना त्याच्या आधी घ्यायचा.

बाटली नवी, कोरडी, १०० मिलीची. पाऊणच भरा, कारण पूर्ण भरलेली बाटली हलवता येत नाही. औषधाची धुतलेली बाटली किंवा पाण्याची रिकामी बाटली चालत नाही. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि क्लोरीन मला तेलात दिसतं आणि मग मी नको त्या दिशेला शोधत बसते.

बाटलीवर चिठ्ठी लावा: मीटरवरचे एकूण तास, या ऑइलवर झालेले तास, मध्ये किती लिटर टॉपअप केलं, ऑइलची कंपनी आणि ग्रेड. बिनचिठ्ठीच्या बाटलीतलं ९० पीपीएम लोखंड १०० तासांचं की ४०० तासांचं हे कळत नसेल तर त्या आकड्याचं मी काय करू? आणखी एक बाटली मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून पहिल्या वेळी मागून घेते: त्याच बॅरलमधलं न वापरलेलं ऑइल. तिचा उपयोग पुढे येईल.

कॅलिब्रेशन ताज्या तेलात करा

तेलात विरघळणाऱ्या धातुसंयुगांची मानकं तयार मिळतात. २१ धातू एकत्र असलेलं ५०० पीपीएमचं मानक मी वापरते. १० ग्रॅम मानक आणि ४० ग्रॅम तेल मिसळलं की १०० पीपीएम झालं. अशा पायऱ्या करायच्या: ०, १०, ३०, ५०, १००, ३००. सगळं वजनावर, मोजपात्राच्या खुणा बघून नाही.

आता पुस्तकात म्हणतात की मानक कोऱ्या बेस ऑइलमध्ये, म्हणजे काहीही न मिसळलेल्या मूळ तेलात, पातळ करा. मी तसं करत नाही. इंजिन ऑइलमध्ये झीजविरोधी म्हणून जस्ताचं संयुग घातलेलं असतं, साधारण हजार पीपीएमच्या आसपास जस्त. कॅल्शियम त्याहून जास्त, गंधक आणखी जास्त. तांबं ८.०५ वर आणि जस्त ८.६४ वर, म्हणजे जस्ताच्या डोंगराच्या पायथ्याशी तांब्याची टेकडी. कोऱ्या बेस ऑइलमध्ये ती टेकडी स्वच्छ दिसते, खऱ्या तेलात तिची एक बाजू डोंगराच्या उतारात बुडते. म्हणून मी मानक त्याच प्रकारच्या, १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ताज्या इंजिन ऑइलमध्ये मिसळते. अशानं शून्याची पायरी म्हणजे न वापरलेलं इंजिन ऑइल होतं, आणि मला तीच हवी असते.

शून्याचा कप दहा वेळा लावा, आलेल्या आकड्यांचं प्रमाण विचलन काढा आणि त्याला तीननं गुणा. तेवढ्याच्या खाली काही दिसलं तरी ते सांगायचं नाही. रोज सकाळी मशीनबरोबर आलेली काचेची चकती आणि ५० पीपीएमचा एक कप लावून बघा. लोखंड ५० च्या जागी ५५ दाखवायला लागलं की त्या दिवशीचे नमुने थांबवून आधी कारण शोधायचं.

कथिलाचं एक वेगळं सांगते. अणूच्या कुठल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला त्यावरून रेषांना के, एल अशी नावं आहेत. कथिलाची एल रेषा ३.४४ वर येते आणि शेजारी ३.६९ वर कॅल्शियम पसरून बसलेलं असतं, तिथं कथिल शोधणं व्यर्थ. त्याची के रेषा २५.२७ वर मोकळ्या जागेत आहे. तिच्यासाठी क्ष-किरणांची नळी ४५-५० किलोव्होल्टवर चालवावी लागते. म्हणून एका नमुन्याचं मोजमाप मी तीन टप्प्यांत करते. ४० किलोव्होल्टला पातळ फिल्टर लावून क्रोमियमपासून शिशापर्यंत, ५० किलोव्होल्टला जाड फिल्टर लावून कथिल आणि चांदी, आणि शेवटी १० किलोव्होल्टला फिल्टर न लावता हेलियममध्ये सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन. क्लोरीन बघताना नळी कुठल्या धातूची आहे ते लक्षात ठेवा. ऱ्होडियमच्या नळीची स्वतःची रेषा २.७० वर येते आणि क्लोरीन २.६२ वर.

ओतणं आणि घड्याळ

आता मुख्य काम. याला घाई चालत नाही आणि रेंगाळणंही चालत नाही.

बाटली झाकणासह ६० अंशाच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवते. तेल पातळ झालं की तळाला चिकटलेले कण सुटतात. तोवर कप तयार करते. कप म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी प्लास्टिकची नळी, तिच्या एका तोंडावर ४ मायक्रॉन जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा पडदा ताणून कडं दाबायचं. पडद्याला सुरकुती नको. बोट तर अजिबात लागू द्यायचं नाही, घामातलं क्लोरीन आणि पोटॅशियम मशीन लगेच दाखवतं. एका डब्यातला पडद्याचा रोल संपून नवा काढला की रिकामा कप एकदा लावून बघते, कारण पडद्यातही कधी कधी कॅल्शियम, फॉस्फरस असतं.

बाटली बाहेर काढून एक मिनिट जोरात हलवायची. एवढ्यानं फेस होतो. बुडबुडा पडद्यावर चिकटला तर तेवढ्या जागी तेलच नसतं आणि आकडा खाली येतो. म्हणून जोरात हलवून झालं की बाटली सावकाश उलटी-सुलटी करायची, वीस-तीस वेळा. बुडबुडे वर जातात, कण मात्र पसरलेले राहतात. मग तराजूवर कप ठेवून बरोबर ६ ग्रॅम.

६ ग्रॅमचाच आग्रह का? लोखंडाचा किरण तेलाच्या साधारण ६-७ मिलिमीटर थरातूनच बाहेर येऊ शकतो, त्याच्या पलीकडचं तेल त्याला असून नसल्यासारखं. पण कथिलाचा २५ केईव्हीचा किरण कपभर तेल सहज ओलांडतो. कपात तेल जास्त घातलं की कथिल जास्त दिसतं. म्हणून सगळ्या कपांत सारखंच वजन.

ओतून झालं की घड्याळ सुरू. दोन मिनिटांच्या आत मोजमाप सुरू झालंच पाहिजे, आणि पहिला टप्पा लोखंडाचाच. हिशोब करून बघा: ४० अंश तापमानाच्या १५डब्ल्यू-४० तेलात २० मायक्रॉनचा लोखंडी कण मिनिटाला साधारण १ मिलिमीटर खाली उतरतो. कपात तेलाची उंची जेमतेम ११ मिलिमीटर. म्हणजे दहा-अकरा मिनिटांत असे सगळे कण तळाशी. २ मायक्रॉनचा कण त्याच्या शंभरपट हळू उतरतो, तो तासाभरातही फार हलत नाही. त्यामुळे माझ्याकडे आता एका वेळी एकच कप भरला जातो. थाळीतल्या बाकीच्या सात जागा रिकाम्या फिरतात.

तिन्ही टप्पे संपायला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. ते झाल्यावर मी लोखंडाचा टप्पा त्याच कपावर, कप न हलवता, पुन्हा एकदा लावते. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास आला तर कण बारीक आहेत, नेहमीची घासण आहे. दुसरा आकडा पंधरा टक्क्यांहून जास्त चढला तर तेलात जड, मोठे कण आहेत आणि ते खाली बसलेत. ज्या गोष्टीनं मला त्या हंगामात फसवलं तीच मी आता मुद्दाम मोजते. दोन आकडे, मधलं अंतर ठरलेलं. गिऱ्हाइकाला पहिला सांगते, दुसरा वहीत लिहिते.

हे सगळं चालू असताना कप फुटू शकतो. पडदा फाटून तेल आत गेलं तर डिटेक्टरच्या बेरिलियमच्या खिडकीवर पडतं. ती खिडकी अतिशय नाजूक आणि महाग असते, बेरिलियम विषारीही आहे. म्हणून कपाखाली नेहमी दुसरा संरक्षक पडदा ठेवा आणि गळती झालीच तर स्वतः पुसायला जाऊ नका. झाकणाची सुरक्षा-कळ कधीही बांधून ठेवू नका. आणि असं उपकरण ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. त्यांच्या ई-लोरा संकेतस्थळावर ती होते, मशीन घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

कण गाळून बघायचे तेव्हा

दुसरा आकडा चढला की मी तेल गाळते. डिझेल इंजिनाचं तेल काजळीनं इतकं काळं असतं की सरळ गाळायला गेलं तर गाळणी लगेच तुंबते. २ मिली तेल ५० मिली स्वच्छ हेप्टेनमध्ये मिसळायचं आणि ०.८ मायक्रॉनच्या गाळणकागदातून व्हॅक्यूमनं ओढायचं. तरी तुंबलं तर ५ मायक्रॉनचा कागद. वरून हेप्टेननं धुऊन, वाळवून तो कागद दोन पडद्यांच्या मध्ये ठेवून मशीनला लावायचा. हेप्टेनची वाफ पेट घेते, त्यामुळे खोलीत शेगडी, हॉटप्लेट काही चालू नको आणि खिडक्या उघड्या. गाळलेले कण एक्सआरएफनं मोजायची पद्धत एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ८१२७ मध्येही आहे.

कागदावर तेल नाही, जस्त-कॅल्शियमचा डोंगरही बराचसा गेलेला असतो. उरतात ते कण. त्यातलं तांबं आणि शिसं एकदम स्वच्छ दिसतं. नंतर तोच कागद भिंगाखाली धरला की तांबूस चकाकणारा तुकडा डोळ्यांनाही दिसतो. माझ्या अंदाजानं गाडीमालकाला सगळ्यांत जास्त पटतो तो हा कागद. आकडा सांगितला की मान हलवतात, कागद दाखवला की मिस्त्रीला फोन लावतात.

आकड्यांचा अर्थ

लोखंड लायनर, रिंग, क्रँक, कॅम, गिअर कुठूनही येतं, त्यामुळे एकटं लोखंड फारसं बोलत नाही. त्याच्या बरोबर कोण आलंय ते बघायचं. क्रोमियम बरोबर असेल तर रिंग. जुन्या पद्धतीच्या बेअरिंग शेलमध्ये पोलादाच्या पाठीवर तांबं-शिशाचा थर, त्यावर निकेलचा पातळ पडदा आणि सगळ्यांत वर शिसं-कथिल असतं. म्हणून आधी शिसं आणि कथिल चढतं, मग निकेलची चाहूल लागते आणि तांबं चढायला लागलं म्हणजे वरचा थर गेला. या क्रमानं चढताना बघितलं तर वेळ हातात असतो. नुसतं तांबं, शिशाशिवाय, नव्या इंजिनात दिसलं तर घाबरू नका, बऱ्याचदा ते ऑइल कूलरच्या नळ्यांतून सुटतं आणि दोन-तीन बदल्यांत खाली येतं. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत बेअरिंगमध्ये शिसंच नसतं, ॲल्युमिनियम-कथिल असतं. त्यामुळे शिसं नाही म्हणून बेअरिंग ठणठणीत, असं समजू नका. इंजिनाचं मॉडेल विचारा.

धुळीबद्दल मात्र मला जास्त सांगायचंय, कारण आमच्याकडे ट्रॅक्टर मरतात ते धुळीनं. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीतून एका मागोमाग एक गाड्या जातात, धुरळा खाली बसतच नाही. धूळ म्हणजे सिलिकॉन, पण सिलिकॉन माझ्या मशीनला नीट दिसत नाही. शिवाय गॅस्केटच्या पेस्टमधूनही सिलिकॉन येतं. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा दगड इथं उपयोगी पडतो. बेसॉल्टमध्ये टायटॅनियमचं ऑक्साइड सर्वसाधारणपणे २ ते ३ टक्के असतं, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त, आणि टायटॅनियम ४.५१ केईव्हीवर एक्सआरएफला छान दिसतं. इंजिनाच्या भागांत टायटॅनियम जवळजवळ नसतंच. काही तेलांत ते मुद्दाम घातलेलं असतं, म्हणून ताज्या ऑइलची बाटली आधी लावून बघायची. तिच्यात नसेल आणि वापरलेल्यात असेल तर ती आपल्या रस्त्यांची धूळ. ढोबळ हिशोबानं बेसॉल्टच्या धुळीत टायटॅनियमच्या पंधरा-सोळा पट सिलिकॉन आणि सहा-सात पट लोखंड असतं. म्हणजे तेलात दिसणारं सगळं लोखंड इंजिनाचं नसतं, काही दगडाचंही असतं. ते वजा करून मग झिजेबद्दल बोलायचं.

एका ट्रॅक्टरचे दर २५० तासांचे तीन नमुने माझ्या वहीत असे आहेत. लोखंड ४१, ४७, ११२. क्रोमियम आढळलं नाही, आढळलं नाही, ८. टायटॅनियम आढळलं नाही, आढळलं नाही, ७. मालक म्हणाले, "ताई, आवाज न्हाई, धूर न्हाई, गाडी वढतीया मस्त. मग इंजिन का उघडायचं?" मी म्हटलं, "काका, इंजिनाला हात लावू नका. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतचा होज पाइप काढून उन्हात धरा." पाइपाच्या खालच्या बाजूला, क्लिपेच्या आत, बोटभर चीर होती. ती वरून दिसण्यासारखी नव्हती. पाइप, क्लिप, ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले. पुढच्या २५० तासांना लोखंड ५२, टायटॅनियम आढळलं नाही.

या तीन नमुन्यांत तिसराच फक्त माझ्याकडे आला असता तर मला एवढं ठामपणे बोलता आलं नसतं. ११२ हा आकडा एखाद्या जुन्या इंजिनाला रोजचा असतो. म्हणून मी "इतक्याच्या वर वाईट" असा तक्ता कुणाला देत नाही. मागतात बरेच जण. त्याऐवजी त्याच इंजिनाचे मागचे आकडे, १०० तासांमागं किती वाढ आणि टॉपअपनं किती पातळ झालं, एवढं मांडून देते. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये लोकोच्या तेलाचं हेच करतात, प्रत्येक इंजिनाची स्वतंत्र वही. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे रेल्वेच्या प्रयोगशाळेनं १९४६ च्या सुमारास तेलातल्या धातूंवरून डिझेल इंजिनांची झीज ओळखायला सुरुवात केली.

कूलंटच्या गळतीबद्दल गिऱ्हाईक हमखास विचारतं. तिथं हे मशीन कच्चं आहे. कूलंटमधलं सोडियम आणि बोरॉन दिसत नाही, पोटॅशियम दिसतं पण ते कॅल्शियमच्या सावलीत. म्हणून मी हॉटप्लेट दीडशे अंशांवर तापवून तेलाचा एक थेंब टाकते. चरचरलं तर पाणी आहे. अर्थात हेप्टेन त्या खोलीत नसताना.

शेवटचं काम बाटलीचं. मोजून झाल्यावर उरलेलं तेल मी पुढचा नमुना येईपर्यंत ठेवते, चिठ्ठीसकट, तारखेप्रमाणे लावून. मापलेले कप आणि जादा तेल वेगळ्या ड्रममध्ये जातं आणि तो ड्रम वापरलेलं तेल घ्यायची परवानगी असलेल्या माणसालाच दिला जातो. गटारात नाही, पेटवायलाही नाही. पुढचा आकडा विचित्र आला तर जुनी बाटली पुन्हा ओव्हनमध्ये जाते, अर्धा तास, ६० अंश, आणि दोन्ही बाटल्या एकाच दिवशी एका पाठोपाठ लावते. त्या ऊसवाल्या दादांचा ट्रॅक्टर अजून माझ्याकडेच येतो. त्यांच्या बाटल्या खिडकीजवळच्या फळीवर आहेत, आतापर्यंत अकरा.